दुकान चाललं तर मुक्काम

आपल्या गावात खानावळ काढली आणि ती बुडाली, तर पैसे जातात, नातेवाईक चार शब्द ऐकवतात, भागीदाराशी वाजतं. गाव मात्र सुटत नाही. परदेशात स्वतःचा धंदा टाकणाऱ्याचं तसं नसतं. त्याचा तिथे राहण्याचा परवानाच धंद्याला बांधलेला असतो. दुकान बंद पडलं की त्या देशात राहायचं कारण संपतं आणि सगळ्या कुटुंबाला बॅगा भराव्या लागतात. तोक्योतल्या निशिकासाईमध्ये मी पोळीभाजीचं छोटं दुकान चालवते. माझे यजमान आणि मुलगी माझ्या व्हिसावर ‘कुटुंबीय’ म्हणून इथे राहतात. या व्हिसावर जास्तीची परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, त्याहून अधिक नाही. बायकोच्या दुकानात कणीक मळायची असली तरी हाच हिशेब. त्यामुळे सांगली-पुण्याकडून फोन करणारी मुलं जेव्हा भांडवल किती लागतं आणि नफा किती सुटतो हे विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना व्हिसाबद्दल विचारते.

मी मूळची सांगलीची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि त्या जोरावर इथे भाषांतराची नोकरी मिळाली. निशिकासाई हा एदोगावा वॉर्डातला भाग. २००० साली संगणकांच्या तारखांचा घोळ होणार म्हणून जपानी कंपन्यांनी भारतातून इंजिनिअर बोलावले आणि त्यातले बरेचजण इथे राहिले, कारण तोझाई लाइनने ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं जवळ पडतात. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होते. नव्याने आलेल्या मुलांना घर मिळवून देण्यापासून जेवणापर्यंत त्यांनी मदत केली, असं इथले जुने लोक आजही सांगतात. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहात आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. परक्या मुलखात पाय ठेवायला अशी आधीची माणसं असणं म्हणजे केवढा आधार, ते इथे आल्यावरच कळतं.

जपानमधल्या भारतीय खाण्याचा इतिहासही अशाच आधाराने सुरू होतो. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली इंग्रजांना चुकवून जपानला आले. शिंजुकूतल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवलं. पुढे त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी बोसबाबूंचं लग्न झालं, १९२३ साली ते जपानी नागरिक झाले आणि १९२७ साली नाकामुरायाच्या उपाहारगृहात अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. ती आजही मिळते. लढ्यातलेच दुसरे कार्यकर्ते ए. एम. नायर यांनी १९४९ साली गिंझात रेस्टॉरंट काढलं, तेही चालू आहे. करी चविष्ट होतीच, पण ती रांधायला जागा मिळाली ती कुणीतरी दार उघडल्यामुळे.

माझं दुकान २०२२ साली उघडलं. तेव्हा परदेशी माणसाला ‘व्यवसाय व व्यवस्थापन’ या व्हिसासाठी दोन गोष्टी प्रामुख्याने दाखवाव्या लागत: धंद्याची स्वतंत्र जागा, आणि ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ नोकर. ५० लाख येन म्हणजे तेव्हाचे साधारण ३० लाख रुपये. आमची बचत, सासऱ्यांनी दिलेले पैसे आणि माझे दागिने यांतून ते उभे राहिले. पैसा कुठून आला हेही कागदोपत्री दाखवावं लागतं, त्यामुळे सराफाच्या पावतीचं जपानी भाषांतर मी स्वतः केलं.

अडचण पैशांपेक्षा क्रमाची होती. व्हिसाच्या अर्जाला जागेचा करार जोडायचा, म्हणजे जागा आधी घ्यायची. घरमालक म्हणतो, आधी व्हिसा दाखवा. कंपनीचं भांडवल बँकेत भरल्याचा पुरावा द्यायचा, पण कंपनीच अजून जन्मली नसल्याने तिचं खातं नसतं. म्हणून पैसे संस्थापकाच्या स्वतःच्या खात्यात भरून पासबुकाची प्रत लावतात. अर्ज करून निकाल येईपर्यंत महिने जातात आणि रिकाम्या जागेचं भाडं चालूच राहतं. त्या काळाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवलेला नसेल, तर धंदा उघडायच्या आधीच माणूस मोडतो. हे मी फोनवरच्या प्रत्येकाला दोनदा सांगते.

कंपनीचे दोन प्रकार लहान माणसाला परवडण्यासारखे आहेत. काबुशिकी कायशा, म्हणजे शेअर्सची कंपनी. तिला नोंदणी कर किमान दीड लाख येन आणि घटनापत्रावर नोटरीची मोहोर लागते. गोदो कायशा हा २००६ सालच्या कायद्याने आलेला सोपा प्रकार. तिथे कर किमान ६० हजार येन आणि नोटरी लागत नाही. मी गोदो घेतली. व्हिसाचा अर्ज ग्योसेई शोशीकडून करून घेतला. सरकारी कागदपत्रं तयार करणारे हे परवानाधारक लोक. मला जपानी येत असूनही त्यांची फी मी आनंदाने दिली, कारण पाच वर्षांचा धंद्याचा आराखडा अधिकाऱ्याला कसा वाचायला आवडतो, हे त्यांना ठाऊक असतं.

जागेचं मात्र कोणी करून देत नाही. ‘मालकांना परदेशी भाडेकरू नको आहे,’ हे वाक्य मला दलालांकडून अतिशय नम्र भाषेत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. इथे बंद पडलेलं हॉटेल ओटा, सिंक, चिमणीसकट तसंच दुसऱ्याला देतात, त्याला इनुकी म्हणतात. कोविडनंतर अशा जागा बऱ्याच होत्या. मला मिळाली ती एका म्हाताऱ्या आजोबांची, आठ त्सुबोंची, म्हणजे साधारण २६ चौरस मीटर. त्यांनी तिथे अनेक वर्षं सोबा नूडल्सचं दुकान चालवलं होतं आणि पुढे चालवणारं घरात कोणी नव्हतं. त्यांनी माझं भांडवल विचारलं नाही. मोहरी-हिंगाची फोडणी दिली की वास किती वेळ राहतो, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागेल का, हे विचारलं. मग त्यांनी अट घातली की धुराचा डक्ट थेट गच्चीपर्यंत न्यायचा. तो खर्च माझ्या यादीतला सगळ्यात जड ठरला, पण अट रास्त होती. जामीनदार म्हणून माझ्या जुन्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाई उभ्या राहिल्या. आजोबांच्या सांगण्यावरून काम सुरू व्हायच्या आधी मी समोरच्या तीन आणि शेजारच्या दोन घरी छोटा खाऊचा पुडा घेऊन जाऊन आले. तशी इथली रीतच आहे. त्या पाच घरांतली चार आज माझी गिऱ्हाइकं आहेत.

इथे मला नेहमी मुंबईचे इराणी आठवतात. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून टाळत, ती इराणहून आलेल्यांनी घेतली, असं सांगतात. कयानी १९०४ सालचं, ब्रिटानिया १९२३ सालचं. त्या माणसांना कुणीतरी मराठी-गुजराती घरमालकाने किल्ल्या दिल्याच असतील ना? ब्रून-मस्का खाताना आपण त्या घरमालकांचा विचार कधी केला नाही. आता मी करते.

स्वयंपाकघराचा परवाना होकेन्जो, म्हणजे आरोग्य केंद्र देतं. शहाणपण हे की सुतार-प्लंबर लावण्याआधी नकाशा घेऊन तिथे जावं. मी गेले तेव्हा अधिकारी बाईंनी पेन्सिलीने एकेक गोष्ट दाखवली. हात धुण्याचं बेसिन भांड्यांच्या सिंकपासून वेगळं, कपाटांना दारं, फ्रिजचं तापमान बाहेरून वाचता येईल असा थर्मामीटर, ओटा आणि गिऱ्हाइकांची जागा यांच्यामध्ये झुलतं दार. आजोबांच्या वेळचा नळ पिळायचा होता. २०२१च्या नव्या नियमांनुसार धुतलेला हात पुन्हा नळाला लागता कामा नये, म्हणून तो बदलून कोपराने दाबायचा बसवला. तपासणीच्या दिवशी बाईंनी खरोखर बाही सावरून कोपराने तो नळ चालू-बंद करून पाहिला आणि मगच टिक केली. अन्नस्वच्छतेच्या जबाबदार व्यक्तीचं प्रशिक्षण एका दिवसाचं असतं. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे.

मसाल्याचंही सांगते, कारण आई विचारते तेच सगळे विचारतात. घरून आणलेला गोडा मसाला घरी खाता येतो, दुकानात वापरता येत नाही. विक्रीसाठी खाद्यपदार्थ आणायचे तर दर वेळी आरोग्य मंत्रालयाच्या बंदरावरच्या कचेरीत सूचना द्यावी लागते. म्हणून मी इथल्या आयातदारांकडून धणे, खसखस, दगडफूल घेते आणि दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मसाला भाजते. वांगी मात्र इथलीच, बोटभर लांब, कोवळी. भरल्या वांग्याला याहून चांगली मला सांगलीतही मिळाली नसती.

गिऱ्हाइकांना सुरुवातीला नान हवा असायचा. जपानमध्ये भारतीय जेवण म्हणजे ताटाबाहेर लोंबणारा नान आणि बटर चिकन, असं समीकरण आहे आणि नेपाळी बांधवांनी चालवलेल्या हजारो हॉटेलांनी ते गावोगाव नेलं आहे. मी पोळीच ठेवली. दुपारी बारा ते एक, बारा खुर्च्या, प्रत्येकाला तव्यावरची फुगलेली गरम पोळी, उसळ, एक भाजी, आमटी, भात, १,१०० येन. बसून खाल्लं तर त्यात १० टक्के विक्रीकर, डबा घरी नेला तर ८ टक्के, म्हणून गल्ल्यावर पहिला प्रश्न तोच.

कंपनीच्या खात्यासाठी एका मोठ्या बँकेने कारण न सांगता नकार दिला. शेवटी दुकानाजवळच्या शिंकिन बँकेने, म्हणजे आपल्या नागरी सहकारी बँकेच्या जातीच्या संस्थेने, खातं उघडलं. त्यांचा माणूस आधी येऊन जेवून गेला, तवा बघून गेला.

आता १६ ऑक्टोबर २०२५पासून नियम बदलले आहेत. भांडवल ५० लाखांवरून ३ कोटी येन, म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय एक पूर्णवेळ नोकर हवाच, आणि तो जपानी किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला वगैरे असावा. अर्जदाराला किंवा त्या नोकराला बऱ्यापैकी वरच्या पातळीचं जपानी यायला हवं. धंद्याचा तीन वर्षांचा अनुभव किंवा संबंधित पदव्युत्तर पदवी आणि तज्ज्ञाने तपासलेला आराखडाही हवा. नावापुरत्या कंपन्या काढून इथे राहणारे वाढले, त्यांना आळा घालायचा, हे सरकारचं कारण मला पटतं. धंदाच नसलेल्या कंपन्यांच्या पाट्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पण आधीपासून या व्हिसावर असलेल्यांपैकी ३ कोटींपर्यंत पोचणारे अवघे चारेक टक्के होते, आणि वडा-उसळ विकणारी मी त्या पाट्यांच्या रांगेत बसवली जाते, याचा मला मनापासून राग आहे. वर आणखी एक फटका आहे. १ कोटी येनांच्या आत भांडवल असेल तर नव्या कंपनीला पहिली दोन वर्षं विक्रीकरातून साधारणपणे सूट मिळते, आणि तोट्यातही भरावा लागणारा स्थानिक कर तोक्योच्या वॉर्डांत वर्षाला ७० हजार असतो. ३ कोटी दाखवले की ती सूट जाते आणि तो कर १ लाख ८० हजारांवर जातो.

जुन्या लोकांना तीन वर्षांची सवलत आहे. २०२८च्या ऑक्टोबरपर्यंतच्या नूतनीकरणात नव्या अटी पुऱ्या नसल्या तरी धंद्याची स्थिती आणि पुढची तयारी बघतील. कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाचे हप्ते यांत खंड नसावा, हे तर आधीपासूनच आहे. माझ्याकडे काम करणारी नेपाळी ताई २८ तासांच्या परवान्यावर असल्याने पूर्णवेळात धरली जात नाही. म्हणून वरच्या मजल्यावरच्या त्याच बाईंना मी पूर्णवेळ नोकरीवर घेतलं आहे. त्यांना पोळ्या लाटता येतात, फक्त गोल व्हायच्या आहेत. भांडवलासाठी हिशेबनीस आणि मी आकडे मांडतो आहोत, कंपनीत अडकलेले माझेच उसने पैसे भांडवलात वळवणं हा त्यातला पहिला टप्पा. आजोबांनी भाडेकरार वाढवताना मुदत कधीपर्यंत लिहायची विचारलं, तेव्हा मी २०३२ सांगितलं.