अ‍ॅस्ट्रोडोम : छताखालचे गवत आणि माणसे

‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो हॉकीमुळे. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. या गवताला नाव मिळाले ते मात्र अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या बंदिस्त क्रीडागृहावरून, अ‍ॅस्ट्रोडोमवरून.

ह्यूस्टनचा उन्हाळा दमट आणि डासांचा. उघड्यावर बसून बेसबॉल पाहणे म्हणजे शिक्षाच. म्हणून १९६५मध्ये जवळपास १९५ मीटर व्यासाचे, मध्ये एकही खांब नसलेले वातानुकूलित घुमटाकार क्रीडागृह उभे राहिले. आत खरी हिरवळ होती. तिला ऊन मिळावे यासाठी छताला साडेचार हजारांहून अधिक पारदर्शक तावदाने बसवली होती. पण त्यांतून येणाऱ्या झगमगाटात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. तावदानांना पांढरा रंग दिला, तेव्हा चेंडू दिसू लागला. गवताला मात्र प्रकाशसंश्लेषणापुरताही उजेड मिळेना आणि ते मेले. मग मेलेल्या गवतावर हिरवा रंग मारून सामने उरकले गेले! १९६६मध्ये तिथे मोन्सँटो कंपनीचे नायलॉनचे गवत अंथरले गेले. त्याला पाणी लागत नव्हते, ऊन लागत नव्हते. त्यावर घसरणाऱ्या खेळाडूची कातडी मात्र सोलवटून निघे.

१९७३मध्ये बिली जीन किंग यांनी बॉबी रिग्ज यांना टेनिसमध्ये हरवले ते याच छताखाली, तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर.

सप्टेंबर २००५मध्ये इथे वेगळीच माणसे आली. कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले आणि अ‍ॅस्ट्रोडोम व त्याच्या आवारातील इमारतींत सुमारे २४ हजार निर्वासितांनी आसरा घेतला. खाटेला खाट लागलेली, शौचालये सामाईक. काही दिवसांतच उलट्या-जुलाबांची साथ पसरली. आवारातल्या दवाखान्यात अकरा दिवसांत आलेल्या सुमारे साडेसहा हजार जणांपैकी १,१६९ जणांना हीच तक्रार होती. कारण निघाले नोरोव्हायरस.

हा विषाणू चिवट. त्याचे मोजके कणही आजारी पाडायला पुरतात. नळाच्या बाहेरच्या बाजूला, दाराच्या मुठीला तो दिवसेंदिवस टिकतो. हाताला चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावणाला तो फारसा दाद देत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवावे लागतात. क्रीडागृहातली न्हाणीघरे आणि नळ मात्र बांधलेले असतात चार तास बसून घरी जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी.

२०१४मध्ये या इमारतीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. प्रेक्षकांसाठी तिची दारे त्याआधीच बंद झाली होती.