थर्मल कॅमेऱ्याला स्तनातली गाठ खरंच दिसते का?

स्पर्श नाही, रेडिएशन नाही, दुखणं नाही, दहा मिनिटांत स्तनाच्या कॅन्सरची तपासणी. अशा अर्थाची शिबिरांची पोस्टर्स व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. सोबत लाल-निळ्या रंगांतला छातीचा फोटो असतो.

अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात ही जाहिरात लगेच पटते, आणि त्यात बायकांची काही चूक नाही. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वात मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या बाईला नगर गाठायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. त्यात मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला जातो. बाहेरच्या माणसासमोर कपडे काढायचा संकोच वेगळाच. कॅमेरा गावात येतो आणि हातही लावत नाही म्हटल्यावर रांग लागणारच.

पण हा कॅमेरा नेमकं काय बघतो?

फक्त त्वचेची उष्णता. कोविडमध्ये कपाळासमोर धरायचं थर्मामीटर आठवतंय? तत्त्व तेच. वीज उपकेंद्रात कुठला जोड तापलाय हे शोधायलाही असेच कॅमेरे वापरतात. कॅन्सरची गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि वरची त्वचा किंचित तापू शकते. 1956 मध्ये कॅनडातले डॉक्टर रे लॉसन यांनी ही गोष्ट नोंदवली आणि थर्मोग्राफीची कल्पना पुढे आली.

अडचण अशी की स्तनात चरबी असते आणि चरबी उष्णता अडवते. गाठ खोल असेल, लहान असेल किंवा हळू वाढणारी असेल तर त्वचेला पत्ताही लागत नाही. उलट पाळीच्या आधीचे दिवस, अंगावर पाजणं, साधा जंतुसंसर्ग, एवढंच काय खोलीतला पंखासुद्धा चित्र बदलू शकतो. म्हणजे लाल डाग दिसला म्हणून कॅन्सर असेलच असं नाही. आणि डाग दिसला नाही म्हणून कॅन्सर नाही, असंही नाही. जास्त घातक हे दुसरं आहे.

अमेरिकेने 1970 च्या दशकात लाखो महिलांच्या एका मोठ्या तपासणी कार्यक्रमात थर्मोग्राफी वापरून पाहिली. निम्म्याहून जास्त कॅन्सर तिच्या हातून निसटले आणि ती पद्धत कार्यक्रमातून काढून टाकावी लागली. तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, 1982 मध्ये या उपकरणांना फक्त इतर तपासण्यांच्या जोडीला वापरण्यापुरती मान्यता दिली. मॅमोग्राफीऐवजी थर्मोग्राफी करू नका, असा इशारा पुढे 2011 आणि 2019 मध्येही द्यावा लागला.

आता यात एआय आलंय. बंगळुरूची निरामई कंपनी थर्मल चित्रं संगणकाकडून वाचून घेते आणि तिचे प्रसिद्ध झालेले निकाल जुन्या थर्मोग्राफीपेक्षा नक्कीच आशादायक आहेत. मात्र या तपासणीमुळे स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात, हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही.

खरा धोका मशीनपेक्षा 'नॉर्मल' लिहिलेल्या कागदात आहे. हाताला गाठ लागतेय, पण कागद नॉर्मल म्हणतोय, मग दवाखाना पुढच्या महिन्यावर, नंतर दिवाळीवर. त्यात कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून लक्ष नाही, आणि दुखायला लागलीच तर लेप, शेक, मालिश. पाळीच्या आधी दोन्ही स्तन दुखणं सहसा कॅन्सरचं नसतं, तिथे शेक घेतला तर बिघडत नाही. गाठीवर लेप लावून महिने काढणं मात्र महागात पडतं. पर्यायी उपचार सगळेच निरुपयोगी आहेत असंही नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या काही हार्मोन-गोळ्यांनी सांधे दुखतात. त्यासाठी अॅक्युपंक्चरची 226 महिलांवर चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आला आणि दुखणं काही प्रमाणात कमी झालेलं दिसलं. पण त्या सगळ्या महिलांचे मूळ उपचार झालेले होते.

मग मॅमोग्राफी परवडत नसेल तर काय? याचं उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सापडलंय. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 1998 मध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख महिलांवर एक अभ्यास सुरू केला. प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या, अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात 47 टक्के रुग्णांचा कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडला, तपासणी झालेल्या गटात 37 टक्के. पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मृत्यूंत फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण साधन काय होतं, तर शिकवलेली बोटं.

खेड्यातल्या बायकांना हे जमेल का, हा प्रश्न निदान या जिल्ह्यात तरी कुणी विचारू नये. 1970 मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावची आरोग्य कार्यकर्ती बनवलं. ते काम बघायला जगभरातून लोक जामखेडला आले.

सरकारी कार्यक्रमातही 30 ते 65 वयाच्या महिलांची दर पाच वर्षांनी हाताने स्तन तपासणी करायची तरतूद आहे, तीही मोफत. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती मागता येते. आशाताईंना विचारलं तर दिवस कळेल. संशय आला तर पुढे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून तपासणी. कॅन्सर आहे की नाही हे पक्कं सांगते ती ही शेवटची तपासणी. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसतं.

थर्मल शिबिरात जायचंच असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: हाताने तपासणारं कुणी आहे का, आणि शंका आली तर पुढे कुठल्या हॉस्पिटलला पाठवणार? आणि स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट न बघता थेट डॉक्टरकडे जा. गाठ दाखवल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान पक्कं व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.