मधुमेहाची गोळी आणि अंधुक नजर



परळच्या के. ई. एम. रुग्णालयात दाखवून, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन गावी परतलेले सभासद आम्हांस विचारतात, "गोळीनंच दिसायचं कमी झालं, सोडू का?" सोडू नका! रक्तातील साखर उतरताना डोळ्याच्या भिंगातील पाणी कमी-जास्त होते. नजर बहुधा काही आठवड्यांत ठिकाणावर येते. तोवर नवा चष्मा करू नये. एकाएकी दिसेनासे झाले, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.

दरदरून घाम, थरथर, धडधड सुटली तर साखर फार उतरली समजावे. चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा घ्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे. म्हणून रात्री उसाला पाणी द्यायला जाताना आपल्याच कारखान्याच्या साखरेची पुडी खिशात असू द्या.