‘तेव्हा कुणाला काही खटकत नव्हतं’ म्हणे!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक संदेश फिरून येतो. टॉमच्या तोंडावर इस्त्री आदळतानाचं चित्र, आणि खाली मजकूर: आम्ही हेच बघत वाढलो, तेव्हा कुणाच्या भावना दुखावत नव्हत्या, हल्लीच्यांनाच सगळं खुपतं. त्यावर अंगठ्यांची रांग लागते. दोनदा गप्प बसलो. तिसऱ्यांदा राहवलं नाही.

मुळात ‘तेव्हा’ म्हणजे कधी? आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ‘टॉम अँड जेरी’ पाहिलं ते १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आल्यावर. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ती कार्टून्स एमजीएमसाठी केली १९४० ते १९५८ या काळात, अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये मुख्य चित्रपटासोबत दाखवायला. म्हणजे ‘कुणाला खटकत नव्हतं’ याचा अर्थ ‘पन्नास वर्षांनी आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेल्या चौघांना खटकलं नाही’ एवढाच होतो.

आणि खटकणार तरी कसं? बॉम्ब फुटतो, टॉमचं तोंड काळंठिक्कर पडतं, ओठ जाड होतात, डोक्यावर रिबिनी बांधलेल्या शेंड्या उगवतात. आपण म्हणालो, काजळी लागली. शेंड्या कुठून आल्या हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला मात्र तो चेहरा पाठ होता. गोऱ्या नटांनी जळक्या बुचाची काजळी फासून काळ्या माणसांची टवाळी करायची, असे ‘मिन्स्ट्रेल शो’ तिथे १८३०च्या दशकापासून रंगत होते. स्फोट हे निमित्त होतं. हशा त्या चेहऱ्याला होता. निकोलस सॅमंड यांनी ‘बर्थ ऑफ ॲन इंडस्ट्री’ (२०१५) या पुस्तकात मिकी माऊसचे पांढरे हातमोजेसुद्धा याच खेळांशी जोडून दाखवले आहेत.

बरं, निदान अमेरिकेत तरी तेव्हा खटकत नव्हतं का? खटकत होतं, आणि लोक तसं लेखी कळवत होते. १९०९मध्ये स्थापन झालेली ‘एनएएसीपी’ ही काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या १९१५च्या चित्रपटापासून पडद्यावरच्या चित्रणावर आक्षेप घेत आली होती. वॉल्टर लँट्झ यांचं ‘स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट’ हे १९४१चं कार्टून. आळशी काळ्यांचं गाव दाखवणारं. १९४८मध्ये ते पुन्हा थिएटरांत आलं तेव्हा एनएएसीपीने युनिव्हर्सलकडे निषेध नोंदवला आणि पुढच्याच वर्षी ते मागे घेतलं गेलं. डिस्नेच्या ‘साँग ऑफ द साउथ’विरुद्ध १९४६मध्ये, म्हणजे तो झळकला तेव्हाच, थिएटरबाहेर फलक घेऊन निदर्शक उभे होते. ‘थ्री लिटल पिग्ज’मध्ये (१९३३) लांडगा ज्यू फेरीवाल्याचं सोंग घेऊन येतो. त्यावर अमेरिकन ज्यूइश काँग्रेसकडून तक्रार झाली आणि १९४८च्या पुनर्प्रदर्शनासाठी डिस्नेने तो प्रसंगच नव्याने चितारला. ज्यांना शंका असेल त्यांनी कार्ल कोहेन यांचं ‘फॉरबिडन ॲनिमेशन’ आणि क्रिस्टोफर लेमन यांचं ‘द कलर्ड कार्टून’ उघडावं.

कुणालाच खटकत नव्हतं म्हणणारा खरं तर एवढंच सांगत असतो, की ज्यांना खटकलं त्यांची गणती त्याने ‘कुणी’मध्ये केली नाही.

टॉमला झाडूने बडवणारी, बहुतेक वेळा कमरेखालीच दिसणारी ती बाई घ्या. ‘मॅमी टू शूज’. गोऱ्यांच्या घरात राबणारी, खमकी, लठ्ठ काळी मोलकरीण हा हॉलिवूडचा ठरीव साचा. टॉम-जेरीचं पहिलं कार्टून १० फेब्रुवारी १९४०चं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हॅटी मॅकडॅनियल यांना ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या कलाकार. समारंभात त्यांना बसवलं होतं वेगळ्या टेबलावर. कार्टूनमधली मॅमी १९५२नंतर दिसेनाशी झाली आणि साठच्या दशकात टीव्हीसाठी काही कार्टून्समध्ये तिच्या जागी एक सडपातळ गोरी बाई रंगवण्यात आली. तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं, तर हा उद्योग कुणी आणि कशाला केला?

याचंच दुसरं टोक म्हणजे ‘जुन्या कार्टूनांवर सरकारने बंदी घातली’. नाही हो. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची ११ कार्टून्स १९६८मध्ये बाजूला ठेवली ती युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीने, टीव्हीवर विकायची नाहीत म्हणून. कात्री लावून सुटेल असं त्यांत काही नव्हतं. अख्खी गोष्टच काळ्यांच्या अशा ठरीव साच्यावर उभी होती. त्यातली ८ कार्टून्स २०१०मध्ये एका चित्रपट महोत्सवात राजरोस दाखवली गेली.

‘प्रत्येक साचा त्या समाजाला झोंबतोच’ हेही खरं नाही. मेक्सिकन उंदीर स्पीडी गोन्झालेस १९९९मध्ये कार्टून नेटवर्कने बंद केला आणि २००२मध्ये परत आणला. त्याच्यासाठी भांडणाऱ्यांत हिस्पॅनिक प्रेक्षकच पुढे होते. हा उंदीर त्या गोष्टींत जिंकतो, हे विसरू नये.

अशाच आणखी काही समजुती. ‘ही कार्टून्स मुलांसाठीच होती.’ थिएटरात बसलेल्या सगळ्यांसाठी होती. ‘स्लॅपस्टिक म्हणजे नुसती हाणामारी.’ शब्दच मुळात एका अवजाराचा आहे: जुन्या इटालियन विदूषकी नाटकांतली, दोन फळ्या जोडलेली काठी, जिचा आवाज मोठा आणि मार हलका. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी याच न्यायाने चालते. ती स्वतः हॅना यांच्या घशातून निघालेली आहे. ‘टॉम-जेरी डिस्नेचे.’ नाहीत!

आणि तो रडका फॉरवर्ड, शेवटच्या भागात दोघं रेल्वेरुळावर बसून जीव देतात म्हणे. ते कार्टून ‘ब्लू कॅट ब्लूज’, १९५६चं. त्यानंतरही हॅना-बार्बेरा दोन वर्षं टॉम-जेरी काढत होते. शेवटचं ‘टॉट वॉचर्स’, आणि त्यात हे दोघं एका रांगत्या बाळाला सांभाळता सांभाळता मेटाकुटीला येतात.