नथ शार्प, डोळे गायब!

मिररलेस कॅमेरा घेतलाय आणि आता ‘भारी ब्लर’ देणारी पोर्ट्रेट लेन्स खुणावतेय? हप्ते बांधून घ्यायच्या आधी तिची एक परीक्षा घ्या. पेपर भोकरदनचाच आहे!

हळदीचा मांडव. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. पिवळ्या बल्बांच्या माळा, डीजेची निळी-जांभळी लाइट आणि मधोमध पाटावर बसलेली नवरी. मित्राच्याच बहिणीचं लग्न, म्हणून ऑर्डर तुम्हाला मिळालेली. कॅमेरा नवा, लेन्स मात्र डब्यातूनच आलेली किट लेन्स. जरा झूम केलं की ती एफ ६.३ वर जाऊन बसते. शटर १/२० वर येतं, नवरी हसते, मान वळवते आणि फोटोत तिच्या चेहऱ्याचा नुसता फराटा उमटतो.

त्या रात्री घरी येऊन तुम्ही मोबाइल उघडता. ‘बेस्ट पोर्ट्रेट लेन्स’ टाकता. समोर रील्सची रांग लागते. एफ १.८, एफ १.४, एफ १.२... आकडा जितका लहान तितकी किंमत मोठी. पंधरा-वीस हजारांपासून सुरू झालेली गाडी दोन लाखांच्याही पुढे जाते. आणि मनात गणित सुरू होतं. यंदाच्या कपाशीच्या पैशांतून पप्पा देतील का? की हप्त्यावर घ्यायची आणि सीझनमध्ये फेडायची?

थांबा. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला नेमकं काय विकत घ्यायचंय, ब्लर की उजेड?

फास्ट कुणासाठी?

ज्या लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं उघडतं तिला ‘फास्ट’ म्हणतात. जास्त उजेड आत येतो, म्हणून शटर वेगात चालवता येतं. एफ ६.३ च्या तुलनेत एफ १.८ वर साधारण बारा पट उजेड मिळतो. म्हणजे मांडवात तुमचं जे शटर १/२० वर अडकलं होतं, तेच १/२०० च्या पुढे जाईल. नवरी हसली तरी हसू जागच्या जागी टिपलं जाईल.

ही गरज आजची नाही. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरनं आपलं फोटोतंत्र जगासमोर मांडलं, तेव्हा लेन्स इतक्या मंद होत्या की माणसाला उन्हात कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. दुसऱ्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी हिशेब मांडून एक नवी लेन्स तयार केली. तिचं अ‍ॅपर्चर होतं साधारण एफ ३.६. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि माणसांचे चेहरे टिपणं आवाक्यात आलं. तीच जगातली पहिली खास पोर्ट्रेट लेन्स.

लक्षात घ्या, ती ब्लरसाठी बनवली नव्हती. समोरच्या माणसाला ताटकळत बसावं लागू नये म्हणून बनवली होती. ब्लर सोबत आला. आज आपण सोबत आलेल्या पाहुण्यालाच नवरदेव करून बसलोय.

मागे सरकायला जागा आहे का?

‘पोर्ट्रेटसाठी ८५ एमएमच’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी बरोबर आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांकडे असते क्रॉप बॉडी. कॅननच्या क्रॉप बॉडीवर १.६ नं गुणायचं, सोनी, निकॉन, फुजीच्या बॉडीवर १.५ नं. म्हणजे कॅननच्या क्रॉप बॉडीवर साधी ५० एमएम लेन्सच ८० एमएमसारखं काम करते. ५६ एमएम लेन्स इतरांवर ८४ ला पोचते. त्याच बॉडीला ८५ लावली तर ती १३० च्या आसपास जाते. मग गावाकडच्या खोलीत नवरीचा कमरेपर्यंतचा फोटो काढताना तुम्ही मागे सरकत सरकत थेट अंगणात!

म्हणून आधी पाहा, तुमचं काम होतं कुठे. खोली, ओसरी, छोटा मंडप असेल तर क्रॉप बॉडीवर ५० किंवा ५६ पुष्कळ झाली. चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन मात्र काढू नका. नाक मोठं दिसतं आणि तो दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. चार-पाच फूट लांब उभे राहा.

दोन सेंटिमीटरचा खेळ

आता त्या लहान आकड्यांची किंमत बघा. फुल फ्रेमवर ८५ एमएम लेन्स, समोरची व्यक्ती दीड मीटरवर. एफ १.८ ला जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो. एफ १.२ ला तो पट्टा दोन सेंटिमीटरवर येतो. आपल्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच असतं. फोकस नथीवर बसला की नथ चमकणार आणि डोळे गायब. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळतही नाही. कळतं ते अल्बम छापायच्या वेळी. आणि तोवर पाठवणी होऊन गेलेली असते. नवरीला ‘परत एकदा रडा’ म्हणता येत नाही.

एफ १.२ ला एफ १.८ पेक्षा सव्वादोन पट उजेड मिळतो, हे खरंय. पण वजनही बघा. कॅननची आरएफ ५० एमएम एफ १.८ फक्त १६० ग्रॅमची आहे. त्याच कंपनीची आरएफ ८५ एमएम एफ १.२ जवळपास बाराशे ग्रॅमची. सकाळच्या देवकापासून रात्रीच्या वरातीपर्यंत ती हातात धरायची आहे, हे विसरू नका.

परीक्षा घ्यायची कशी?

लेन्स विकत घ्यायच्या आधी एका दिवसासाठी मिळवा. मोठ्या शहरांत भाड्यानं मिळते, नाहीतर ओळखीच्या फोटोग्राफरकडून मागून घ्या. सोबत एक सहनशील मित्र किंवा मैत्रीण न्या आणि हे पाच पेपर सोडवा.

पेपर पहिला : चालता माणूस. मित्राला वीस पावलांवरून सरळ तुमच्याकडे चालत यायला सांगा. डोळ्यावरचा ऑटोफोकस चालू, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, सलग वीस फोटो. घरी कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून डोळे मोजा. किती शार्प? मग हेच आठवडी बाजारात करा किंवा चतुर्थीला राजूरच्या गर्दीत, जिथे मधूनच कुणीतरी आडवं जातं. फोकस चेहऱ्यावर टिकतो की आडव्या गेलेल्या माणसाच्या मागे पळतो? लग्नात दर दोन मिनिटांनी हेच होतं.

पेपर दुसरा : समोरून ऊन. केळणा नदीकाठच्या लेण्यांकडे दुपार कलल्यावर जा. मित्राला उजेडाकडे पाठ करून सावलीच्या कडेला उभं करा. चेहरा धुरकट होतोय का? कडांना जांभळी किंवा हिरवी रेघ दिसतेय का? काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणि चांदीचे दागिने असे दोष लगेच उघडे पाडतात. थोडी रेघ सॉफ्टवेअरमध्ये निघते. प्रत्येक फोटोत काढावी लागली तर तुमची रात्र त्यातच जाते.

पेपर तिसरा : माळांचे बल्ब. रात्री लायटिंगच्या माळा मागे ठेवून फोटो काढा. मधले ठिपके गोल आणि कोपऱ्यातले थोडे चपटे दिसले तर ते बहुतेक फास्ट लेन्समध्ये असतंच. पण ठिपक्यांत कांद्यासारखी वलयं किंवा कडेला जाड रेघ असेल, तर मागचा ब्लर चेहऱ्यापेक्षा जास्त ओरडतो.

पेपर चौथा : भिंतीवरचा पेपर. हातात आहे तोच पेपर भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर ठेवा. एफ १.८, २.८ आणि ४ वर फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा पुसट आला, तर त्या पीसमध्येच गडबड असू शकते. कॅमेरा तिरका नाही ना, ते बघून पुन्हा काढा. तरी तेच दिसलं, तर दुसरा पीस मागा.

पेपर पाचवा : धूळ. मातीच्या रस्त्यावरची वरात असो की पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार, धूळ आपल्याकडे पाचवीला पुजलेली. माउंटजवळ रबरी रिंग आहे का ते पाहा. स्वस्त लेन्समध्ये बहुधा नसते. मग निदान उघड्यावर लेन्स बदलायची नाही, एवढा नियम तरी पाळा.

मागचं सगळं पुसू नका

आता थोडं वेगळं. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. जुनं भोगवर्धन ते हेच. त्यात हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. तिच्याशी मिळतीजुळती, वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती त्याआधी १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. पाँपेईची ती मूर्ती आपल्याच भागातल्या कारागिरांची असावी, असंही काही अभ्यासकांना वाटतं.

त्या मूर्तीचा फोटो शोधून एकदा नीट बघा. गळ्यातले दागिने, हातभर बांगड्या, जड पैंजण, दोन्ही बाजूंना उभ्या सेविका. ती बाई कोण होती, हे आपल्याला माहीत नाही. पण ती कसं जगत असेल याचा अंदाज येतो, कारण कोरणाऱ्यानं आजूबाजूचं काहीच पुसलं नाही.

आणि आपण? आजीचा पोर्ट्रेट काढतो आणि एफ १.४ वर तिची चूल, उतरंड, दारातली तुळस, सगळं लोणी करून टाकतो. चेहरा सुंदर येतो, पण तो भोकरदनचा की बर्लिनचा, सांगता येत नाही. वीस वर्षांनी त्या घरातली ती चूल नसेल. तेव्हा तो फोटो बघणाऱ्याला आजीच्या मागे काय होतं, हेच बघायचं असेल.

म्हणून एक सवय लावून घ्या. उजेड कमी असेल तेव्हा अ‍ॅपर्चर बिनधास्त उघडा, त्यासाठीच पैसे मोजलेत. उजेड पुरेसा असेल तर एक फोटो उघडा काढा आणि दुसरा एफ ४ किंवा ५.६ वर. दोन्ही घरच्यांना दाखवा. कुठला ठेवायचा, ते त्यांना ठरवू द्या.

खिसा बघून

पहिली लेन्स असेल तर ५० एमएम एफ १.८ पासून सुरुवात करा. जुनी डीएसएलआरची लेन्स घरात असेल तर आधी अ‍ॅडॅप्टरचा भाव काढा. सेकंड हँड घेताना मोबाइलच्या टॉर्चनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी असते. सौदा सोडून द्या. दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर अपडेट कसं करायचं ते दुकानातच विचारून घ्या. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बदललं की कधीकधी फोकस गडबडतो.

आणि हप्ता घेण्याआधी हिशेब वहीत लिहून काढा. सीझनमध्ये तुम्हाला खरोखर किती ऑर्डर मिळतात? त्यातल्या कितींमध्ये तुम्ही उजेडापायी अडलात? आकडा दोन-तीनच असेल, तर लेन्स भाड्यानं आणा आणि कपाशीचे पैसे घरात राहू द्या. आकडा पंधरा असेल, तर ही वही पप्पांसमोर ठेवा. रीलपेक्षा ती त्यांना लवकर पटेल.