विंडोजची नवी आवृत्ति व जुन्या नकलांचें रक्षण

नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें नकलांवरून नकला होतां होतां तींत अपपाठ शिरले आणि शके १५०६ मध्यें एकनाथांस अनेक प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. स्थलांतरांत पाठ कसा बिघडतो, हें अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील संग्राहकांस म्हणूनच निराळें सांगावयास नको. मोडी दप्तरांच्या ज्या नकला संगणकावर टंकिलेल्या आहेत, त्यांवर तोच प्रसंग आतां आला आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, व विंडोज ११ घेणें अनेकांस प्राप्त झालें. त्या वेळीं येणाऱ्या अडचणींचा विचार येथें करूं.

(१) पूर्वतयारी. सर्व फाइलींच्या दोन प्रती निरनिराळ्या बाह्य डिस्कांवर घ्याव्या व त्या उघडतात कीं नाहीं तें पाहावें. प्रत्येक नकलेची पीडीएफ करून ठेवावी. तींत फाँट समाविष्ट केलेला असल्यास अक्षरांचें रूप कायम राहतें. वापरांतील फाँटांच्या फाइलीही जपाव्या.

(२) संगणक नवी आवृत्ति घेत नाहीं. तीस ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क व टीपीएम २.० लागतें. पुष्कळदां टीपीएम यंत्रांत असतें, पण बायोसमध्यें बंद ठेविलेलें असतें. तें चालू करावें. मात्र त्यापूर्वीं बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली वहींत उतरून घ्यावी. बायोसमधील बदलानंतर ती मागितली जाते, आणि ती नसल्यास डिस्क उघडत नाहीं.

(३) मराठीच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. प्रणाली नव्यानें बसविल्यास हें हटकून घडतें. जुन्या फाँटांत सांठविलेला संकेत रोमन अक्षराचा असून केवळ आकार मराठीचा असतो. फाँट गेला कीं आकार जातो, पाठ मात्र जागेवरच राहतो. म्हणून फाइल पुसूं नये व तींत बदलही करूं नये. वर्डमध्यें मजकुरावर जाऊन फाँटाच्या चौकटींत नांव वाचावें व तोच फाँट पुन्हा बसवावा. तो जपून ठेविला नसेल, तर ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरांत शोधावा. हें फोल्डर बहुधा दहा दिवसांनीं आपोआप काढलें जातें, हें ध्यानांत असावें.

(४) युनिकोडमध्यें रूपांतर. कायमचा उपाय हाच. परंतु खरे अपपाठ येथेंच शिरतात. जुन्या पद्धतींत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधीं व रफार नंतर टंकिला जाई. युनिकोडमध्यें क्रम उलट आहे. त्यामुळें ‘कर्ज’ याचें ‘कजर्’ व ‘सर्व’ याचें ‘सवर्’ होतें. शकाचे व रकमेचे आंकडे विशेष तपासावे. रूपांतरित प्रत मूळ कागदाशीं ताडावी व जुनी फाइलही राखावी. मोडी लिपीसही २०१४ मध्यें युनिकोड ७.० त स्थान मिळालें आहे. मात्र ती दिसण्यास तिचा फाँट निराळा बसवावा लागतो.

(५) स्कॅनर चालत नाहीं. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची असल्यानें ३२ बिटांचा ड्रायव्हर तीवर चालत नाहीं. निर्मात्याकडे नवा ड्रायव्हर नसेल, तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ स्कॅनरपुरता ठेवावा.

मूळ कागद कसरीनें खाल्ल्यावर कित्येकदां टंकिलेली नकल हेंच एकमेव साधन उरतें. प्रणाली बदलल्यानें ती सहसा नष्ट होत नाहीं. नष्ट होते ती आपल्या घाईनें. सबब जुनी प्रत हातीं ठेवून, नवी तिच्याशीं ताडून पाहिल्यावांचून जुनें कांहींही टाकूं नये, इतकेंच आमचें संग्राहकांस सांगणें आहे.