घाटाखालचे दोन तालुके

रायगड जिल्ह्याला समुद्र आहे, पण कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांना समुद्र नाही. हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. पूर्वी जिल्ह्याला कुलाबा म्हणत. १९८१ साली रायगड हे नाव झाले.

पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो. कर्जतवरून उल्हास नदी वाहते, खोपोलीवरून पाताळगंगा. तरी उन्हाळ्यात वरच्या वाड्यांवरच्या बायका हंडा घेऊन वणवण करतात. असे का? कारण जमीन उताराची आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, धावत सुटते.

याच उताराने वीज दिली. घाटावर लोणावळ्याच्या बाजूला टाटांनी धरणे बांधली. तिथले पाणी पूर्वी इंद्रायणीतून पूर्वेकडे जाई. ते अडवून लोखंडी नळांतून खाली सोडले. सुमारे ५०० मीटर उंचीवरून पाणी येते, त्या जोराने चक्रे फिरतात आणि वीज होते. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तारा आपल्या डोक्यावरून गेल्या, पण कितीतरी वाड्या पुढे अनेक वर्षे अंधारात राहिल्या.

“मग आम्हाला काय मिळाले?” असे कोणी विचारील. वीज झाल्यावर पाणी काही संपत नाही. भिवपुरीचे पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांना मिळते. तिथे उन्हाळ्यातही भात होते. नाला नाही तिथे पावसाचे एकच भात, आणि मागून ओलीवर वाल.

या मुलखाने पराक्रमही पाहिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. फौज मोठी होती, पण वाटा महाराजांना ठाऊक होत्या. पुढे माथेरानचे भाई कोतवाल यांनी सावकारी पाशातून लोक सुटावेत म्हणून धान्यपेढ्या काढल्या, गरिबांसाठी शाळा काढल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते व हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. रस्ता आला, कारखाने आले, तसे जमिनीला गिऱ्हाईकही आले. पैसा हातात येतो आणि वर्षा-दोन वर्षांत जातो. मग स्वतःच्याच शेतावर दुसऱ्याची राखण करावी लागते.

म्हणून आम्ही सांगतो, कोणी कागद पुढे केला तर घाई करू नका. आधी सातबारा काढा. गट नंबर, क्षेत्र, कोणाकोणाची नावे, कुळाची नोंद, सारे बघा. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीवाचून बिगर-आदिवासीला विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. आता तुम्हाला वाचता येते. अंगठा मागे घ्या. वाचा, विचारा, मगच सही करा.